शाब्लीची चुनखडी आणि घोलवडची माती

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा मनोरजवळ हायवेच्या टपरीवर 'घोलवड चिकू' अशी पाटी दिसली. गाडी थांबवली. फळ हातात घेतल्यावर शंका आली म्हणून विचारलं, भाऊ, नक्की कुठला माल? हसला. म्हणाला, "साहेब, माल गुजरातचा. पण घोलवड लिहिलं की उचलतात." खोटं तरी बोलला नाही बिचारा!

फ्रान्समध्ये बर्गंडीच्या उत्तर टोकाला शाब्ली नावाचं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव आहे. तिथली व्हाईट वाईन जगात नावाजलेली. (मी पीत नाही, वाचतो फक्त. हसू नका.) द्राक्ष एकच, शार्डोने, जे आता जगभर पिकतं. फरक मातीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्यामुळे चुनखडीत बारीक कालवांचे जीवाश्म सापडतात. वाईनची खास चव या मातीतून येते असं ते लोक मानतात. 1938 साली कायद्याने नाव बांधून घेतलं: ठरलेल्या शिवारातलं द्राक्ष नसेल तर बाटलीवर शाब्ली लिहायचं नाही. अमेरिकेत तरी कित्येक वर्षं कुठलीही स्वस्त व्हाईट वाईन 'शाब्ली' म्हणून खपत होती. म्हणजे टपरीवाले तिकडेही आहेत.

आता आपलं बघा. डहाणू घोलवड चिकूला 2016 मध्ये जीआय मिळालं. कारण काय दिलं जातं? घोलवडच्या मातीतला कॅल्शियम. म्हणजे गोष्ट तीच, फक्त आपल्याकडे फळ झाडावरून उतरलं की चार दिवसांत मऊ पडतं आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. बोर्डीच्या हिल झिलने चिकूची फसफसती वाईन काढून दाखवली. पण सगळे बागायतदार काही वायनरी काढू शकत नाहीत.

जीआय मिळालं म्हणजे काम झालं, हा आपला भ्रम. कायद्यात प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. नोंद करून खोक्यावर तो शिक्का मारणारे तुमच्या ओळखीत किती आहेत? शिक्काच दिसत नसेल तर टपरीवाल्याला अडवणार कोण?

आणि दुसरं, जे मला जास्त खुपतं. शाब्लीवाले वसंतातल्या थंडीच्या रात्री कळ्या वाचवायला द्राक्षमळ्यात शेगड्या पेटवून जागतात. आपल्याकडे डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. त्यांच्या आग्रहामुळेच डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात सल्फर काढणारी यंत्रणा बसली. धर्माधिकारी साहेब 2019 मध्ये गेले. 2023 मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला हिरवा कंदील दिला, 2024 च्या ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं.

मी बोईसरचा, एमआयडीसीच्या पगारावर घर चाललंय. त्यामुळे कारखाने नकोत असं म्हणायला माझं तोंड नाही. पण 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात पहिलं कोण होतं? तारापूर. इथली हवा रात्री कशी असते ते खिडकी बंद करणाऱ्या आपल्या आयांना विचारा. तसलीच हवा डहाणूच्या बागांवर गेली तर जीआयचा कागद फ्रेम करून लावायचा का?

बंदरात नोकऱ्या किती, हे प्रत्येक सभेत ऐकतो. बंदरामागून येणारे रस्ते, गोदामं, ट्रक कुठल्या बागांमधून जाणार, हे गावाच्या ग्रामसभेत नकाशा टाकून कोणी दाखवलंय का? डहाणू, घोलवड, बोर्डीकडच्या मित्रांनो, तुमच्या गावात दाखवला असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. आणि ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलीय त्यांनी कागद काय लागले, किती दिवस गेले तेही लिहा. माझा घोलवडचा मावसभाऊ दोन वर्षं 'करतो करतो' म्हणतोय, त्याला टॅग करतोय.