आधी तेल, मग ॲसिड

माझ्या मावसभावाने वाईजवळ बंगला बांधला, तेव्हा आख्ख्या खानदानात एकच हेडलाइन होती. दादाच्या बंगल्यात स्विमिंग पूल आहे! मेणवलीचा घाट तिथून जवळच. 2004 च्या ‘स्वदेस’मध्ये दिसतो ना, तोच. मग काय, शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की खंबाटकी ओलांडायची आणि शनिवारी सकाळी थेट पाण्यात. सोबत मित्र, मित्रांचे मित्र, त्यांची पोरं.

गेल्या मे महिन्यात मात्र पाण्याचं काहीतरी बिनसलं. हिरवं नव्हतं, घाण वास नव्हता, पण ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. दादाने क्लोरीन वाढवून पाहिलं. डोळे चुरचुरले, पाणी तसंच! शेवटी पंपाच्या खोलीत फिल्टरच्या गेजकडे लक्ष गेलं. नव्या कार्ट्रिजवर काटा दहाला असायचा, तो बावीसवर गेला होता.

यातला नियम सोपा आहे. फिल्टर स्वच्छ असतानाचा आकडा टाकीवरच मार्करने लिहून ठेवायचा. काटा त्याच्यापेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेला की धुलाई. पण आधी पंप बंद, मग वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडून प्रेशर शून्यावर आणायचं आणि मगच झाकणाला हात लावायचा. प्रेशर असताना क्लॅम्प सोडलात तर झाकण तोफगोळ्यासारखं उडतं. इथे प्लीज शायनिंग नको.

आत दोन कार्ट्रिज होती. पेटीच्या भात्यासारख्या घड्या, एकेकाळी पांढऱ्या पॉलिएस्टर कापडाच्या. आता त्यांच्यावर तपकिरी, बुळबुळीत साय धरलेली. मी वास घेतला आणि हसूच आलं. खोबरेल! वर्षभर आलेल्या पाहुण्यांची चंपी आणि गोरीमोरी होण्याच्या भीतीने थापलेलं सनस्क्रीन, सगळं त्या घड्यांत जाऊन बसलं होतं.

दादा म्हणजे इंजिनिअर. त्याने गाडी धुवायचा प्रेशर वॉशर आणला आणि पहिल्याच फवाऱ्यात एका कार्ट्रिजचं कापड फाडलं. (ते गेलं. नवं घ्यावं लागलं.) मग तो बाथरूमच्या फरशीचं ॲसिड घेऊन आला. दुसरं कार्ट्रिज बुडवायला कोपऱ्यातली बादली ओढली आणि बाटली तिरकी केली.

आंब्यांच्या निमित्ताने आई सांगलीहून आली होती. ती दारातून ओरडली, “अरे थांब की! ती टीसीएलची बादली आहे न्हवं?”

तोवर थोडं ॲसिड पडलंच होतं. बादलीच्या तळाशी ब्लिचिंग पावडरीचा लगदा होता. एका क्षणात नाकाला झिणझिण्या, घशात आग. आम्ही खोकत खोकत बाहेर पळालो. तो क्लोरीन वायू होता. बंद खोलीत दोन-चार चमचे ॲसिडऐवजी अख्खी बाटली गेली असती तर मी हा कॉलम लिहीत नसते. पुरानंतर घरं धुताना आईने टीसीएल इतकं हाताळलंय की तिला ते नुसतं बघून कळतं. खोली तासभर उघडी ठेवली. दादा गप्प. वहिनी जास्तच गप्प.

मग कमांड आईकडे गेली. “समई घासलीयस का रे कधी?” तिने दादाला विचारलं. त्याने अर्थातच नव्हती घासली. समईची आधी तेलाची चिकटी काढायची असते, गरम पाण्याने, साबणाने. चिंच त्यानंतर. उलटं केलं तर चिंच तेलावरून घसरते आणि काळं तिथंच राहतं. कार्ट्रिजचंही सेम. ॲसिड फक्त जड पाण्याचा पांढरा खार काढतं. तेलावर आधी ॲसिड गेलं तर ती घाण धाग्यांत कायमची बसते.

तर आमचा शनिवार असा गेला. साध्या बागेच्या पाइपने, तिरकी धार धरून, वरून खाली एकेक घडी धुतली. कंटाळवाणं काम, पण जाम समाधान देणारं! आई म्हणाली, गाळ ओला असतानाच धुवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आणि ज्या घरांतला चिखल वाळला तिथे तो खरवडून काढावा लागला. हे ती इतक्या सहज सांगते की ऐकणाऱ्याला कसंतरी होतं.

मग वीस लिटर पाण्यात वाटीभर ट्रायसोडियम फॉस्फेट घालून कार्ट्रिज रात्रभर बुडवलं. हातात ग्लोव्ह्ज हवेतच. भांड्यांचा लिक्विड साबण नको, पूलमध्ये फेस येतो. सकाळी खळखळून धुतलं. बोअरच्या पाण्याचा खार राहिला होता, म्हणून नव्या स्वच्छ बादलीत, उघड्या अंगणात, वीस भाग पाणी आणि त्यात एक भाग ॲसिड. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही! बुडबुडे थांबले की बाहेर काढून पुन्हा धुवायचं आणि उन्हात वाळवायचं.

हे सगळं करण्यापेक्षा सँड फिल्टर का नाही, असं मी विचारलं. त्याच्या प्रत्येक बॅकवॉशला शेकडो लिटर पाणी गटारात जातं. दादाची सासुरवाडी माणमध्ये. उन्हाळ्यात तिथे टँकरची वाट बघतात. त्यामुळे पूल बांधला याचीच त्याला थोडी लाज वाटते, निदान धुण्यात तरी पाणी घालवायचं नाही म्हणतो. मला ते पटलं. पूलवर झाकण घातलंस तर आणखी वाचेल, असंही मी सुनावलं.

नवं कार्ट्रिज आलं, धुतलेलं शेजारी बसलं. काटा अकरावर. तिसऱ्या दिवशी तळाच्या टाइल्स मोजता येत होत्या.

आता पूलच्या कडेला शॉवर आहे आणि वहिनीची सक्ती आहे. डोकं धुतल्याशिवाय पाण्यात पाय नाही. परवा आईने पदर खोचला आणि निघाली पाण्याकडे.

“मावशी, शॉवर,” वहिनी म्हणाली.

“अगं, आम्ही कृष्णेत पोहायला शिकलो ते डोक्याला तेल थापूनच!”

वहिनीने काही न बोलता शॅम्पूची बाटली पुढे केली.