आधी दाखले, मग कॉलेज

मागच्या वर्षी मोहल्ल्यातली एक मुलगी सीईटीचा स्कोअर घेऊन माझ्याकडे आली. तिला इंजिनिअरिंग करायचं होतं. अब्बा म्हणाले, "एवढी फी कुठून आणू?"

घर बागवानांचं, म्हणजे ओबीसी. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी मुलींना महाराष्ट्र सरकारने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. पण तिच्या घरात जातीचा दाखलाच कुणी काढला नव्हता. मग जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर कुठून येणार? आज ती जवळच्या कॉलेजात बी.ए. करते. बी.ए. वाईट नाही, पण ती तिची निवड नव्हती.

आपण जूनमध्ये विचारतो, "कोणतं कॉलेज चांगलं?" तोवर उशीर झालेला असतो. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: तुम्ही कॉलेजात पोहोचला असाल, तर गल्लीतल्या अकरावीच्या एका मुलीसोबत या रविवारी बसा. आधी कागद बघा, मग मागच्या वर्षीचे कटऑफ. मोठ्या करिअर मेळाव्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.