एक अक्षर, अर्थ मात्र चार!

वाचकहो, बंगळुरूला नोकरी करणारी लेक, भाचा नाहीतर जावई सुट्टीत घरी येतो, तेव्हा त्याच्या लॅपटॉपवरची काळी खिडकी तुम्ही पाहिली असेल. ना चित्र, ना बटण, नुसती अक्षरांची रांग! तिला म्हणतात टर्मिनल. इथे माऊसने क्लिक करायचं नाही, आज्ञा टाइप करायची. आज्ञेनंतर एक आडवी रेघ आणि एखादं अक्षर लिहिलं, की काम कसं करायचं ते ठरतं. त्यालाच ऑप्शन म्हणतात.

आता गंमत पाहा. '-पी' हे एकच ऑप्शन घ्या. दूरच्या संगणकात शिरायच्या 'एसएसएच'मध्ये त्याचा अर्थ पोर्ट, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या दाराने आत जायचं ते. त्याचंच भावंड 'एससीपी' फाइली पाठवतं. तिथे छोटा पी म्हणजे 'फाइलची मूळ तारीख-वेळ बदलू नकोस'. पोर्टसाठी मोठा पी लागतो! 'एमकेडिर'मध्ये पी म्हणजे 'वरचे फोल्डर नसतील तर तेही बनव', आणि 'मायएसक्यूएल'मध्ये पासवर्ड.

असं का झालं? ही साधनं वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात लिहिली. इंग्रजी अक्षरं तर 26च. 'एससीपी'ने छोटा पी आपल्या पूर्वजाकडून, 'आरसीपी'कडून घेतला. एकदा लोकांच्या बोटांना सवय झाली की अर्थ बदलता येत नाही, कारण जुन्या आज्ञांवर चालणारी कामं बंद पडतात.

हे नुसतं गैरसोयीचं नाही, महागही पडतं. लिनक्सवर 'किलऑल' ही आज्ञा तुम्ही नाव दिलेला प्रोग्रॅमच बंद करते. सोलारिस या दुसऱ्या प्रणालीवर तिचं काम वेगळं आहे. ती चालू असलेलं जवळपास सगळंच बंद करते! लिनक्सची सवय असलेल्या माणसाने तिथे बेधडक एंटर दाबलं, तर काय होईल ते सांगायला नको.

याउलट एक चांगलं उदाहरण बंगळुरूतलंच आहे. झिरोधा कंपनीचे सीटीओ कैलाश नाध यांनी 'लिस्टमंक' हे ई-मेल पत्रकं पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर बनवलं. त्याची ऑप्शनं पूर्ण शब्दांत आहेत. '--न्यू-कॉन्फिग' सेटिंगची नवी फाइल बनवतं, '--इन्स्टॉल' डेटाबेस मांडतं, '--अपग्रेड' जुना डेटाबेस नव्या आवृत्तीला जुळवून घेतं. इन्स्टॉल करताना आधीची माहिती पुसली जाऊ शकते, म्हणून ते आधी इशारा देतं आणि हो की नाही ते विचारतं. अपग्रेड मात्र चुकून दोनदा चालवलं तरी बिघडत नाही.

तुमच्या घरी कुणी असं साधन बनवत असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा:

1. '--हेल्प' आणि '--व्हर्जन' हवेतच. ग्नू प्रकल्पाच्या नियमावलीत प्रत्येक प्रोग्रॅमसाठी हे सांगितलं आहे.

2. एका कामाला सगळीकडे एकच नाव द्या. एका आज्ञेत 'आउटपुट' आणि दुसरीत 'आउट', असं नको.

3. छोटं अक्षर नेहमीच्या कामांनाच द्या, आणि त्याच्या जोडीला पूर्ण शब्दही ठेवा.

4. पुसण्याचं काम असेल तर आधी विचारा. काय पुसलं जाईल, ते न पुसता दाखवणारं '--ड्राय-रन' द्या.

5. नाव बदलायचंच असेल तर जुनं नाव काही काळ चालू ठेवा आणि ते वापरणाऱ्याला सूचना द्या.

आपल्या स्वयंपाकघरात साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच दिसतो, म्हणून आई त्यावर चिठ्ठी चिकटवते ना? पाहुणी आलेली मावशीसुद्धा मग न विचारता चहा करते. टर्मिनलसमोरही रात्री दोन वाजता कुणी नवखा, दमलेला मुलगा बसलेला असतो. साधन बनवणाऱ्याने त्याची काळजी आधीच घ्यायला हवी.

तुमच्या घरातल्या कोणत्या यंत्राची बटणं अशीच गोंधळात टाकतात? मुलांसोबत बसून शोधा. पुन्हा भेटूच!