आणखी एकच गिटार!



हल्ली आपल्या पुष्कळ घरांतून एक नवीन भांडण ऐकू येतं. नातवाच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार असते. एक असते तोवर सगळे कौतुक करतात. दुसरी आली की आई विचारते, "पहिलीचं काय झालं?" तिसरी आली की आजी डोक्याला हात लावते. आणि चौथीसाठी नातू तश्लुमीम मोजायला बसला की आजोबा खोलीच्या दारात उभे राहून म्हणतात, "अरे, हात तुला दोनच आहेत ना?" नातू म्हणतो, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं. हिचा आवाज वेगळा आहे!"

आता यात खरं कोणाचं? आम्हाला वाटतं, थोडं दोघांचंही. म्हणून या वेळच्या सदरात दोघांनाही समोर बसवून बोलू या. आजी-आजोबांनी जरा गिटार समजून घ्यावी आणि मुलांनी जरा हाव समजून घ्यावी.

आधी एक गंमत. गिटारवाल्यांनी या रोगाला नावही ठेवलं आहे. इंग्रजीत तीन मोठे शब्द आहेत, गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम, म्हणजे गिटारी जमवत राहण्याचा विकार. पहिली अक्षरं घेतली की होतो गॅस! म्हणजे आपल्याकडे जेवणानंतर आजोबांना होतो तो वेगळा आणि नातवाला होतो तो वेगळा. आजोबांचा ओवा-पाण्याने जातो. नातवाच्या गॅसला औषध मिळत नाही, कारण प्रत्येक नव्या गिटारीने तो थोडे दिवस बरा होतो आणि मग पुन्हा उठतो.

आता आजी-आजोबांसाठी. तुमच्या सायकलीला डायनमो होता, आठवतो? चाक फिरलं की आतलं लोहचुंबक फिरायचं, तारेच्या वेटोळ्यात वीज तयार व्हायची आणि दिवा लागायचा. इलेक्ट्रिक गिटारीत तेच तत्त्व आहे. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी नाजूक वीज उमटते. ती वीज ॲम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकरमधून सूर बाहेर येतो. या चुंबक-वेढ्यांच्या जोडीला पिकअप म्हणतात. म्हणूनच साध्या गिटारीला पोकळ पोट लागतं, पण हिला भरीव लाकडी फळी चालते.

कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण १९५० साली त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिलाच पुढे टेलिकास्टर नाव पडलं. १९५४ साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर आली. या गिटारींत एकेरी वेढ्याचा पिकअप असतो, आवाज स्वच्छ आणि धारदार, पण मागे विजेची बारीक घरघर येते. तिकडे गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली. त्यांच्याकडच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने दोन वेढे असे उलटसुलट जोडले की घरघर एकमेकांत विरून जाते आणि तारेचा सूर शिल्लक राहतो. १९५७ पासून ते पिकअप त्या गिटारींत बसू लागले. त्यांचा आवाज जाड, भरदार.

तेव्हा आजोबा, "हिचा आवाज वेगळा आहे" हे नातवाचं म्हणणं खोटं नाही. पातळ करायचं पातेलं वेगळं, पोळ्यांचा तवा वेगळा, तसंच हे. एक धारदार आवाजाची, एक भरदार आवाजाची, अशा दोन गिटारी मन लावून वाजवणाऱ्या मुलाकडे असल्या तर त्यात उधळपट्टी नाही.

पण मुलांनो, आता तुमची पाळी. तिसरी आणि चौथी कशासाठी? रंग वेगळा म्हणून? की आवडत्या वादकाच्या हातात पाहिली म्हणून? दुकानाच्या काचेआड गिटार दिसते तेव्हा आपण खरं म्हणजे लाकूड विकत घेत नसतो. आपल्याला वाटतं, ही हातात आली की मी तसा वाजवायला लागेन. खोकं उघडण्याचा आनंद मोठा असतो. पण बोटं तीच असतात आणि काल न येणारी सुरावट आजही येत नाही. मग वाटतं, बहुतेक गिटारच चुकीची घेतली, दुसरी पाहू या. रियाज कंटाळवाणा असतो आणि खरेदी सोपी असते, सगळी गोम इथे आहे.

मोठमोठ्या वादकांनाही हा गॅस झाला. पण त्यांनी पुढे काय केलं ते ऐकण्यासारखं आहे.

एरिक क्लॅप्टन १९७० साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका दुकानात गेला. तिथे जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात पडून होत्या. पठ्ठ्याने एकदम सहा घेतल्या! घरी येऊन तीन मित्रांना दिल्या: बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना एकेक. उरलेल्या तीन खोलल्या आणि त्यांतले चांगले चांगले भाग जोडून एक काळी गिटार बनवली. तिचं नाव 'ब्लॅकी'. ती त्याने वर्षानुवर्षं वाजवली. हिशेब पाहा, सहा आणल्या, तीन वाटल्या, हाती राहिली एक.

याच क्लॅप्टनला दारूचं आणि अमली पदार्थांचं व्यसन होतं. त्यातून बाहेर पडल्यावर त्याने कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि त्यासाठी १९९९ साली आपल्या १०० गिटारी लिलावात काढल्या. सुमारे ५० लाख डॉलर जमले. २००४ साली 'ब्लॅकी'ही दिली, एकटीचे ९,५९,५०० डॉलर आले. स्वतःच्या एका हौसेतून त्याने दुसऱ्यांची व्यसनं सोडवण्याचा खर्च भागवला.

पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने १९७० साली न्यूयॉर्कच्या एका दुकानातून काळी स्ट्रॅटोकास्टर घेतली होती. जून २०१९ मध्ये त्याने ती आणि आणखी सव्वाशे गिटारी लिलावात विकल्या. एकट्या काळीला ३९,७५,००० डॉलर आले आणि एकूण रक्कम दोन कोटी डॉलरांच्या वर गेली. ती सगळी त्याने हवामान वाचवण्यासाठी कायद्याची लढाई लढणाऱ्या संस्थेला दिली.

मार्क नॉफ्लरची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची वाटावी. त्याचे वडील हंगेरीचे यहुदी. १९३९ साली ते जीव वाचवून ब्रिटनमध्ये आले. अशा माणसाने मुलाला सुमारे ५० पौंडांची लाल होफनर गिटार घेऊन दिली. मुलाला खरं तर फेंडर हवी होती, पण ती परवडणारी नव्हती. त्या होफनरवर तो शिकला. पुढे यश आलं, पैसा आला आणि गिटारीही आल्या. जानेवारी २०२४ मध्ये लंडनला त्याच्या १२० हून अधिक गिटारींचा लिलाव झाला, सुमारे ८८ लाख पौंड आले आणि त्यातला पाव हिस्सा धर्मादाय संस्थांना गेला. मुलांनो, यातलं विसरू नका की त्याच्या शिक्षणाची सुरुवात न आवडत्या गिटारीवर झाली.

आणि आता उलट टोक. क्वीन या बँडचा ब्रायन मे १९६३ साली १६ वर्षांचा होता. त्याला फेंडर हवी होती, पण घरी पैसे नव्हते. मग बापलेकांनी मिळून गिटार घरीच बनवायला घेतली. मान कोरली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. खुणांचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटनांचे. आत स्प्रिंगा बसवल्या जुन्या मोटरसायकलच्या आणि दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. दोन वर्षं लागली. हीच गिटार घेऊन २००२ साली तो बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून वाजला आणि साऱ्या जगाने पाहिलं. जोडीला राखीव म्हणून तिच्यासारख्या आणखी आहेत, पण आयुष्यभर हातात राहिली ती हीच. याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. आपल्यातले कोणी त्या काळी पाचगणीला हवा खायला गेले असतील, तर शाळेच्या पियानोवर त्याला वाजवताना कदाचित ऐकलंही असेल!

काही मुलं म्हणतात, "ही खर्चिक हौस नाही, गुंतवणूक आहे. जुनी झाली की भाव येतो." गिब्सनने १९५८ ते १९६० या काळात सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल काढल्या, तेव्हा त्या फारशा खपल्या नाहीत. किंमत अडीचशे डॉलरांच्या आसपास. आज चांगल्या स्थितीतली एक घ्यायची तर लाखो डॉलर पडतात. हे खरं. पण अशा गिटारी मोजक्याच. दुकानात आज शेकड्याने मिळते ती गिटार दुकानाबाहेर पडताच जुनी होते आणि विकायला गेलं की भाव उतरतो. दुर्मिळ गिटारींचे भावही २००८ च्या मंदीनंतर घसरले होते. तेव्हा पेन्शनीत हात घालायला लावून कोणी 'गुंतवणूक' म्हणेल, तर आजी, पदराची गाठ घट्ट ठेवा.

शिवाय वाद्य म्हणजे सोन्याची पाटली नव्हे, की डब्यात ठेवली आणि झालं. अश्दोदच्या खाऱ्या हवेत तारा गंजतात. दिमोनाच्या कोरड्या हवेत, त्यात शराव सुटला की, लाकूड आकसतं, मान वाकते आणि कडेच्या पट्ट्या बोटांना टोचू लागतात. दोन गिटारींची निगा राखता येते. सातांची कोण राखणार? न वाजलेली गिटार पलंगाखाली हळूहळू बिघडत असते.

आता मुलं हसत असतील तर त्यांनी जरा आजीचं कपाटही उघडून पाहावं! लग्नातला लेमन सेट पन्नास वर्षांनी अजून खोक्यातच. स्टीलचे डबे एकात एक, त्यात आणखी एक. आइस्क्रीमचे रिकामे डबे धुऊन पुसून रचलेले. "लागेल कधीतरी." ज्यांनी दोन ट्रंका घेऊन देश बदलला, त्यांना वस्तू टाकवत नाही, हे आम्ही जाणतो. पण गॅस तोच, नाव वेगळं. म्हणून नातवाला रागावताना आवाज थोडा खाली ठेवावा.

आपल्या तोरात याचं उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. रानात मान्ना पडायचा तेव्हा प्रत्येकाने एक ओमेर घ्यायचा होता. ज्याने जास्त गोळा केला, त्याच्याकडे मोजल्यावर जास्त उरला नाही. ज्याने सकाळपर्यंत साठवून ठेवला, त्याच्यात किडे पडले. पण शुक्रवारी मात्र दुप्पट घ्यायची परवानगी होती आणि तो नासला नाही, कारण तो शब्बाथसाठी होता. म्हणजे साठवणं हेच पाप नाही. कशासाठी साठवलं, हे विचारायचं.

म्हणून मुलांनो, चौथी गिटार मागण्याआधी तीन गोष्टी करा. घरातल्या गिटारीला नव्या तारा घाला आणि ती नीट जुळवून घ्या. निम्मा गॅस तिथेच उतरतो. मग तिच्यावर एक पूर्ण गाणं चुकल्याशिवाय वाजवून आजी-आजोबांना ऐकवा. आणि तरीही नवी हवीच असेल, तर घरातली एक आधी कोणालातरी द्या. एक आत, एक बाहेर.

आणि आजी-आजोबांनो, "किती आहेत?" असं विचारू नका. "आज काय वाजवलंस?" असं विचारा. आपल्या कीर्तनांना एक पेटी आणि एक तबला पुरत असे, कारण ती वाजत होती. नातवाला एखादं जुनं कीर्तनाचं पद गिटारीवर काढायला सांगा. सूर तुम्ही धरून द्या, तो तारांवर शोधेल. बहुधा एका गिटारीवर भागेल.

शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीत गिटार शिकायची इच्छा असलेली, पण घरी घेणं न परवडणारी मुलं आहेत. आणि काही घरांत पलंगाखाली गिटारी पडून आहेत. ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी आणि ज्यांना हवी आहे त्यांनीही या अंकाच्या पत्त्यावर चार ओळी लिहून पाठवा. दोघांची गाठ घालून देण्याचं काम आम्ही करू. पेशाहच्या आधी घर झाडून काढताना पलंगाखाली नक्की पाहा.