संगणक घ्यायचा, पण कोणता?

प्रश्न : माझी मुलगी रायपूरच्या एनआयटीत वास्तुकला शिकते. दुकानदाराने सुचवलेला लॅपटॉप घ्यायचा, तर माझ्या पाटल्या मोडाव्या लागतील. काय करू?
– एक वाचक, तात्यापारा, रायपूर

उत्तर : पाटल्या मोडू नका. ऑटोकॅडमधील साध्या नकाशांना महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वेगवान प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. रोज कॉलेजात न्यायचा नसेल, तर डेस्कटॉप घ्या. तेवढ्याच पैशांत तो अधिक दमदार मिळतो. पुढे त्रिमितीय कामासाठी त्यात कार्ड बसवता येईल. सेकंडहँड घेतलात, तर त्यावर विंडोज ११ चालते का, हे जरूर पाहा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले. ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत वापरू देते. तेवढा खर्च वाचला!