ज्ञानकोशाच्या पंक्तीला खानावळ

आठ-दहा बाकांच्या एखाद्या शाकाहारी खानावळीला आंतरजालावरील ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद मिळावी काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी थट्टेचा वाटेल. जेथे साम्राज्यांचे उदयास्त आणि ग्रहताऱ्यांची गती यांचे विवेचन व्हावयाचे, तेथे वरणभाताचे काय काम, असे विद्वज्जन विचारतील. आमच्या मते मात्र हा प्रश्न क्षुल्लक नाही. समाजाने आपल्या जीवनाचा कोणता भाग पुढील पिढ्यांसाठी लिहून ठेवावयाचा, हा खरा प्रश्न त्यामागे आहे.

डॉ. केतकरांच्या तेवीस खंडांसारख्या छापील ज्ञानकोशाला कागदाची, पैशाची व मनुष्यबळाची मर्यादा असते. काय घ्यावे आणि काय गाळावे, याचा निवाडा पुष्कळदा तीच करते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला कागदाची अडचण नाही. मग तेथे सर्वांनाच मुक्तद्वार का नसावे? याचे उत्तर असे की, जागा कितीही असली तरी वाचकांचा विश्वास अमर्याद नसतो. ज्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या विश्वसनीय लेखकांनी त्याची सविस्तर दखल घेतली आहे, त्याचीच स्वतंत्र नोंद व्हावी, असा विकिपीडियाचा सर्वसाधारण दंडक आहे. दारातील रांग, थालीपिठाची चव किंवा मालकाने छापलेले पत्रक हा काही पुरावा नव्हे. हा दंडक सैल केला, तर ज्ञानकोशाची जाहिरातवही होण्यास विलंब लागणार नाही.

तथापि लहान म्हणून त्याज्य, हा न्यायही आम्हांस मान्य नाही. १८८८ साली लंडनला गेलेला एक अर्धपोटी हिंदुस्थानी विद्यार्थी भटकत भटकत फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृहाच्या दाराशी पोहोचला. तेथे एक शिलिंग मोजून त्याने हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक घेतले. आईला दिलेल्या वचनाखातर पाळलेला नियम त्या वाचनानंतर विचारपूर्वक पत्करलेले व्रत झाला. तो विद्यार्थी म्हणजे मोहनदास गांधी. आत्मचरित्रात त्यांनी ही हकीगत लिहिली नसती, तर त्या उपाहारगृहाचे स्मरण आज किती जणांस राहिले असते?

आपल्या मुंबईतही असे विषय आहेत. माटुंग्यास रेल्वे स्थानकालगत ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग उघडले आणि केळीच्या पानावर जेवण वाढण्यास प्रारंभ केला. अशा ठिकाणचा इतिहास हा केवळ सांबार-भाताचा इतिहास नव्हे. पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेली माणसे या शहरात कशी रुजली, काय खाऊन जगली आणि एका पंक्तीस बसताना कोणते भेद विसरली वा जपत राहिली, याचा तो लेखाजोखा आहे. बखरींत तो सापडत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. खानावळ लहान की मोठी, हे पाहू नये. तिच्याविषयी तटस्थ व पडताळता येईल असे लेखन आहे की नाही, हे पाहावे. असेल, तर नोंद अवश्य व्हावी. नसेल, तर तिच्या चाहत्यांनी कोशाच्या संपादकांशी भांडत बसू नये. ज्ञानकोश इतिहास निर्माण करीत नाही, अन्यत्र लिहिलेला इतिहास तो एकत्र करतो.

तो अन्यत्र लिहिण्याचे काम वृत्तपत्रांचे, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे आणि महाविद्यालयांचे आहे. खानावळ कोणत्या साली निघाली, राइस प्लेटचा दर काय होता, आचारी कोणत्या गावचे, जेवावयास कोण येत, हे आजच विचारून छापले पाहिजे. वृद्ध मालक गेला, जागा पाडली गेली आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत गेल्या, म्हणजे कोणत्याही कोशाला त्यांतले काही परत आणता येणार नाही.