शिबिरे झाली, बाया राहिल्या

बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीला निघालेल्या बायकांपैकी ८४३ जणींची गर्भाशये आधीच काढलेली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक तीस ते पस्तीस वयाच्या. १,५२३ बाया गरोदरपणी फडात राबत होत्या. हे कुणा आंदोलकाचे आरोप नाहीत, आरोग्य खात्याच्याच तपासणीत निघालेले आकडे आहेत. ते बाहेर आल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे हादरले. खरे तर हादरून झाले होते २०१९ सालीच. तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२,३०९ बायकांची माहिती आली आणि १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढल्याचे निघाले. सहा जणींमागे एक. त्यानंतर गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासणी शिबिरे ठरली. शिबिरे झालीही. प्रश्न असा की शिबिरात मोजलेली बाई नंतर जाते कुठे?

ती जाते कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला किंवा थेट कर्नाटकात. दिवाळी संपली की टोळी निघते. पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परत येते. या मधल्या काळात सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या लेखी ही बाई अस्तित्वातच नसते. गावातल्या आशाताईच्या वहीत तिचे घर असते, पण घराला कुलूप. फडाशेजारच्या गावातल्या आशाताईच्या वहीत ती असण्याचे कारणच नाही, कारण ती तिथली नाही. शिबिरात हिमोग्लोबिन सात निघाले, लोहाच्या गोळ्यांची पाकिटे हातात दिली, रकाना भरला. महिन्याने ते पुन्हा कोण मोजणार? मोहीम जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते आणि बाई ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून पुढे जाते.

आणि पुढे काय असते? पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप. रात्री तीनला उठून भाकऱ्या थापायच्या, उजाडायच्या आत फडात शिरायचे. पाणी पाटाचे नाहीतर विहिरीचे, आडोसा उसाचा. पाळीचे चार दिवस कापड धुवायला जागा नाही, वाळत घालायला तर नाहीच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. एक दिवस बसली तर खाडा, आणि खाडा म्हणजे पाचशे, हजारांचा दंड. कोयता जोडप्याचा असतो, त्यामुळे बाई आजारी पडली की नवऱ्याचाही दिवस बुडतो आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची लांबते. अंगावरून जाते म्हणून ती गावी असताना डॉक्टरकडे जाते, तेव्हा जी गोष्ट साध्या औषधाने बरी व्हावी तिच्यासाठी ‘पिशवी खराब झालीय, उद्या कॅन्सर होईल’ असे ऐकवले जाते. दोन मुले झालेली असतात. पाळीची कटकट जाईल, खाडे वाचतील, हा हिशेब ती स्वतःच मांडते. ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल. पस्तिशीत कंबर धरते, हाडे दुखतात, अंगात वाफा येतात. त्याला मात्र कुठल्याही शिबिरात रकाना नाही.

अशा वेळी ‘प्रबोधन’ हा शब्द ऐकला की संताप येतो. या बाईला काय समजावणार? पाळीची स्वच्छता? तिला पाणी द्या, बाकीचे तिला कळते.

फिरत्या माणसांपर्यंत पोहोचता येत नाही, ही सबब तर ऐकूनच घेऊ नये. याच यंत्रणेने पोलिओसाठी वीटभट्ट्या, बांधकामे, रेल्वे स्थानके, एसटी स्टँड पालथे घातले. चालत्या गाडीतल्या पोरांच्या तोंडात थेंब टाकले. २०११च्या जानेवारीत हावड्यात सापडलेला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण देशातला शेवटचा ठरला. तेव्हा कुणी पोराचा मूळ तालुका विचारत बसले नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. पुढे तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. मग प्रत्येक टोळीतल्या एका बाईला औषधाची पेटी, शिक्षण आणि मुख्य म्हणजे त्या कामाचे पैसे द्यायला अडचण कसली? फुकटची ‘सेवा’ तिच्या गळ्यात बांधू नका, एवढेच.

अडचण आहे ती मालक कोण या प्रश्नाची. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, उचल नवऱ्याला दिली. बाई कुणाचीच कामगार नाही, म्हणून तिला प्रसूतीची रजा नाही, दवाखाना नाही. ऊसतोड कामगारांच्या नावाने महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत. राज्यात हंगामाला आठ कोटी टनांवर ऊस गाळला जातो, म्हणजे एकट्या कारखान्यांचेच ऐंशी कोटींवर होतात. त्यांतून फडावर किती दवाखाने लागले, हे महामंडळाने एकदा जाहीर करावे. कोणत्या टोळीची गाडी कोणत्या गटातून किती वाजता निघाली, हे कारखान्याच्या शेती विभागाला मिनिटागणिक ठाऊक असते. त्याच टोळीत सातव्या महिन्याची गरोदर कोण, हे ठाऊक नसते, कारण ते विचारायची सक्ती कुणी केलेली नाही.

ती सक्ती साखर आयुक्त करू शकतात. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, थकवली म्हणून गाळप परवाने अडवले जातातच. त्याच परवान्यात आणखी तीन अटी घाला: टोळीनिहाय बायकांची नोंद, तळावर पाणी व शौचालय, आठवड्याला दवाखान्याची फेरी. ज्याला जमणार नाही त्याने धुराडे पेटवू नये. पुढच्या हंगामाचे परवाने अजून निघायचे आहेत.